पुलावरून फेकलेल्या गोळ्या

गोर्ना लेश्का
२८ ऑगस्ट, सकाळी सहा

प्रिय लाझार,

‘प्रिय’ लिहिलंय आणि ते मी खोडणार नाही. दोनदा पेन टेकवलं, दोनदा उचललं, मग म्हटलं, अडुसष्टाव्या वर्षी एका शब्दाला काय घाबरायचं! तुला भीती वाटत असेल तर तेवढा शब्द सोडून पुढे वाच. पत्र झोर्नित्साबरोबर पाठवतेय. तुझी भाची तुझ्याइतकीच हट्टी आहे, पण तिला निदान दुसऱ्याचं ऐकू येतं. मामानं पत्र चुलीत टाकायला घेतलं तर हिसकावून घे आणि अंगणात उभी राहून मोठ्यानं वाच, शेजारच्या पेनाआजीला एकेक अक्षर ऐकू गेलं पाहिजे, असं तिला बजावून ठेवलंय. तेव्हा तू स्वतःच वाचलेलं बरं.

काल दुपारी ही पोरगी माझ्या दुकानात आली. “मावशी, पित्तावर काहीतरी दे. मामा माळ्यावर चढला की त्याला छातीत दाटून येतं. परवाच्या घेवड्याच्या शेंगा बाधल्या असतील.” मी विचारलं, त्या दोन गोळ्या नेमानं घेतोय ना? तर ती माझ्याकडे न बघता खोकल्याच्या बाटल्या मोजायला लागली. मग रडली. तेव्हा मला कळलं. अकरा दिवसांपूर्वी तू पुलावर उभा राहून दोन्ही डब्या नदीत फेकल्यास, खानावळीतले सगळे बाहेर येऊन टाळ्या वाजवत होते, आणि तोदोर ओरडला, “आता मासे मरतील आणि लाझार जगेल!” अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं. फक्त गोळीवालीच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. छान गाव आहे आपलं.

मी लगेच शहरात डॉक्टर मिनचेवांना फोन लावला. त्यांनी संध्याकाळी रुग्णवाहिका पाठवली. आलेल्या दोघांना तू ओसरीवर बसवून पुदिन्याचा चहा पाजलास, स्वतःच्या जबाबदारीवर येत नाही म्हणून कागदावर सही केलीस, आणि वर त्यांच्यातल्या एकाला खोकल्यासाठी मूळ बांधून दिलंस. झोर्नित्सानं हे सांगितलं तेव्हा मला आधी हसू आलं. मग मी स्वयंपाकघरात बसून खूप रडले. हेही लिहून टाकते, कारण आज काही म्हणता काही लपवायचं नाही असं ठरवलंय.

तुझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीत एक बारीक जाळी बसवलीय. तिला अजून दोन महिनेही झाले नाहीत. शरीराला ती परकी आहे, तिच्यावर रक्त साकळायला बघतं, आणि त्या दोन गोळ्या ते साकळू देत नाहीत. एवढंच त्यांचं काम. तू त्या बंद केल्यास. आता ती वाहिनी आज बुजेल, महिन्यानं बुजेल, की तुझं नशीब थोर असेल तर बुजणारच नाही, हे ना मिनचेवांना सांगता येतं, ना मला, ना तुझ्या माळ्यावर वाळणाऱ्या औषधी जुड्यांना. पण छातीत दाटतंय ते घेवड्यानं नाही, लाझार. हे तुला माझ्याआधी कळलंय. तू माळ्याच्या जिन्यात मध्येच बसतोस आणि बुटाची नाडी बांधायचं सोंग करतोस, हे झोर्नित्सानं पाहिलंय.

आता तू म्हणशील, गोळीवाली दुसरं काय बोलणार! चाळीस वर्षं गोळ्या विकल्या, ती गोळ्यांचीच आरती ओवाळणार. तर ऐक. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी मला चरबीची गोळी सुरू झाली, हृदयासाठीच. तीन महिन्यांत माझ्या मांड्या अशा दुखायला लागल्या की चर्चच्या सात पायऱ्या चढताना मी कठड्याला धरून देवाला नाही, तर गोळी बनवणाऱ्याला आठवत होते. शहरातल्या त्या आधीच्या म्हाताऱ्या डॉक्टरांना सांगितलं. ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, “बाई, या वयात पाय दुखायचेच.” मी! जिनं चाळीस वर्षं गोळ्यांच्या डबीतल्या कागदावरची बारीक अक्षरं लोकांना वाचून दाखवली, तिला म्हणे वय झालं! घरी आले आणि गोळी बंद केली. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. पाच आठवड्यांत पाय मोकळे झाले आणि मी एकटीच अंगणात चक्कर मारून आले, गाणं म्हणत. म्हणजे बघ, तू पुलावरून फेकल्यास, मी गुपचूप खणात टाकल्या. फरक एवढाच की मला टाळ्या मिळाल्या नाहीत.

तेव्हा गोळ्या माणसाला छळतात हे तू मला शिकवू नकोस. मला ते माझ्या मांड्यांनी शिकवलंय. तुझं चाळीस वर्षांचं म्हणणं त्या बाबतीत खरं होतं आणि ते लिहून देताना माझे दात आवळले जातायत, पण लिहून देते. त्यानंतर मात्र मी एक केलं जे तू केलं नाहीस. नवीन आलेल्या मिनचेवांकडे गेले, डबी त्यांच्या टेबलावर आपटली आणि म्हटलं, ही मी घेत नाहीये, हिनं माझे पाय नेले, आता काय करायचं ते सांगा, आणि वय झालंय असं म्हणालात तर मी इथून उठणार नाही. त्या हसल्या. रक्त तपासलं, दुसरी गोळी दिली, निम्म्याहून कमी, तीही दिवसाआड. आज मी पायऱ्या चढते. शिवाय मी त्यांना हेही सांगितलं की मी दररोज संध्याकाळी ग्लोगच्या लाल फळांचा काढा पिते. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “झोप लागते ना? मग प्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.” तो काढा कुणाचा, ते त्यांनी विचारलं नाही. तुला सांगते. तुझाच आहे. एकोणीस वर्षं पेनाआजी दर शरदात तुझ्याकडून दोन पिशव्या नेते, त्यातली एक माझी असते. तिच्या एकटीच्या पोटात एवढा काढा कसा मावतो, असा प्रश्न तुला कधी पडला नाही, यावरूनच तुझी हुशारी कळते.

आपलं बिनसलं तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो. एन्योव्हदेनची, औषधी वनस्पती खुडायच्या सणाची पहाट होती. सूर्य उगवायच्या आत सगळ्या बायका कुरणात, दवात भिजलेले घागरे, आणि तुझी आई पुढे. मी सोफियाहून औषधशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच आलेले, शरदात आपलं लग्न ठरलेलं. सत्याहत्तर वनस्पती सत्याहत्तर दुखण्यांवर, आणि एक अर्धी, ज्या दुखण्याला नाव नाही त्याच्यासाठी. ती अर्धी कुठली ते गावात फक्त तुझ्या आईला माहीत. तिनं ती खुडून ओच्यात लपवली, सगळ्या जणी गप्प झाल्या, आणि मी शहाणपणा पाजळत विचारलं, “अर्धी म्हणजे किती ग्रॅम?” बायका हसल्या. तुझी आई हसली नाही. ती म्हणाली, “या पोरीच्या हातचा चहासुद्धा माझ्या घरात कुणी पिणार नाही.” आणि तू, लाझार, आईची टोपली धरायला आलेला, आपल्या बुटांकडे बघत उभा राहिलास. चूक माझी होती, ती मी तेव्हाही जाणत होते. पण तू एक शब्द बोलला असतास तर मी तुझ्या आईचे पाय धरले असते. तू माफीची वाट बघितलीस, मी तुझ्या शब्दाची. बर्फ पडलं तरी दोघांपैकी कुणी बोललं नाही. पुढच्या वर्षी मी किरिलशी लग्न केलं. तो भला माणूस होता, त्याच्याबद्दल मी वाईट ऐकून घेणार नाही, आणि तूही कधी बोलला नाहीस.

मग चौकाच्या एका बाजूला माझं दुकान आणि समोर शनिवारी तुझं जुड्यांचं टेबल. एकेचाळीस वर्षं! आपण एकमेकांना नमस्कार केला नाही, पण माणसं मात्र पाठवत राहिलो. तापानं फणफणलेलं मूल तुझ्याकडे आणलं की तू ओरडायचास, “हे घेऊन इथे काय उभी राहिलीस? त्या गोळीवालीकडे पळ!” आणि झोप येत नाही म्हणून गोळी मागणाऱ्या विधवांना मी म्हणायचे, आधी त्या गवतवाल्याला भेटा, त्याचं काही लागू पडलं नाही तर माझ्याकडे या. मी तुझ्यावर बारीक नजर ठेवून होते. एवढ्या वर्षांत तू एकाही माणसाला डॉक्टरची गोळी बंद कर असं सांगितलं नाहीस. एकदाही नाही. शहरातून तो गुळगुळीत दाढीचा इसम आला होता, तुझा फोटो बाटल्यांवर छापून ‘हृदयाचे थेंब, गोळ्यांना सुट्टी’ असं लिहायचं म्हणत होता. त्याला तू कुत्रं सोडून हाकललंस. मी काचेमागून बघत होते आणि मला तुझा इतका अभिमान वाटला की त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाला चुकून दुसऱ्याची औषधं बांधून दिली आणि धावत जाऊन परत आणली.

म्हणून मला राग आलाय. जो माणूस दुसऱ्या कुणाला हे करू देत नव्हता, त्यानं स्वतःच्या बाबतीत केलं, आणि तेही चारचौघांत, पुलावर. तोदोरनं दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात, माहीत आहे का तुला? “लाझारला नको तर मला कशाला?” असं म्हणत छाती काढून फिरतोय. दर महिन्याला वीस तारखेला येणारा माणूस या महिन्यात आलेला नाही, हे काल रात्री वही न उघडताच माझ्या लक्षात आलं. त्याचं ओझं तुझ्या माथ्यावर आहे, आणि ते तुलाच उतरवावं लागेल.

आता रक्ताचं. देवमातेच्या सणाला, पंधरा तारखेला, आपण सगळे कुर्बानच्या प्रसादाच्या रांगेत आपापली भांडी घेऊन उभे होतो. कढईजवळ पोचलास आणि तुझ्या नाकातून रक्त सुरू झालं. पांढरा सदरा लाल झाला, पाद्रीबाबांनी आपला टॉवेल दिला, तोही भिजला. दोन तास थांबेना. तोदोर ओरडत होता, “हा गोळ्यांचा प्रताप! माणसाचं पाणी करून टाकलं!” आणि तू मान हलवत होतास. तुझा त्यावर विश्वास बसला यात नवल नाही, कारण ते निम्मं खरं होतं. त्या गोळ्या रक्त पातळ ठेवतातच. पण उरलेलं निम्मं तुझ्या माळ्यावर होतं.

तू दरवर्षी जुलैत पिवळ्या फुलांचं कोमुनिगा गवत कापतोस, पायांच्या शिरांसाठी. यंदाही कापलंस, माळ्यावर रचलंस, आणि तिसऱ्या दिवशी तुला इस्पितळात नेलं. दहा दिवस पाऊस. जुड्या कुणी उलटल्या नाहीत. झोर्नित्सा शाळेत लहान मुलांना शिकवते, तिला काय कळणार! तू घरी आलास तेव्हा त्यांना बुरशीचा वास होता. त्या तू उन्हात पसरल्यास, वास गेला, आणि तुला वाटलं झालं. तुझ्याऐवजी दुसरा कुणी असता तर त्यानं त्या उकिरड्यावर टाकल्या असत्या. पण तुला इस्पितळातून आल्यावर आपलं स्वतःचं काहीतरी प्यायचं होतं, परक्याच्या हातचं नाही, आणि आपल्या नाकावर तुझा केवढा भरवसा! ओलं राहून बुरसलेलं कोमुनिगा खाल्लं की गाय आतल्या आत रक्त वाहून मरते, हे आपल्या डोंगरात मेंढपाळाच्या पोरालाही माहीत असतं. वास जातो, विष जात नाही. त्याचा काढा दिवसातून तीनदा, वर सकाळी उपाशीपोटी रकियाच्या दारूत मुरवलेला लसूण, आणि वर त्या दोन गोळ्या. चौघांनी मिळून तुझं नाक फोडलं. आणि तू त्यातल्या गोळ्या तेवढ्या नदीत टाकल्यास. चुकीची पिशवी फेकलीस, लाझार. डॉक्टरांपासून तू गवत लपवलंस, त्यांच्या गोळ्याही घेत राहिलास, आणि दोन्ही एकाच पोटात गेलं.

हे सगळं मला आज कसं सुचलं असं तुला वाटेल. आज नाही सुचलं. हेच लिहायला मी इतकी पानं फिरत राहिले. जुलैच्या शेवटी झोर्नित्सा तुझ्या औषधांची चिठ्ठी घेऊन आली, तेव्हा मी गोळ्या मोजत होते आणि ती सहज बोलून गेली, “माळ्यावर कसला कुबट वास येतोय, मामा म्हणतो उन्हात टाकलं की जाईल.” मी ऐकलं. माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, याबरोबर आणखी काय घेता? पेनाआजीला तर तिच्या आलुबुखाराच्या मुरंब्याबद्दलसुद्धा विचारलंय. तुझ्याबद्दल मी विचारलं नाही. तू ऑगस्टमध्ये काय पितोस, सकाळी काय पितोस, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं, भाचीला कळत नव्हतं, अख्ख्या जगात फक्त मला ठाऊक होतं. दोन ओळींची चिठ्ठी पुरली असती. पण चिठ्ठी पाठवली तर मी आधी बोलले असं झालं असतं. कुर्बानच्या दिवशी मी तुझ्यापासून दहा पावलांवर भांडं घेऊन उभी होते, काय झालंय ते मला नीट कळलं होतं, आणि मनात काय आलं माहितीय? आता तरी हा मला विचारायला येईल. लाज वाटते लिहायला. तुझं रक्त वाहत होतं आणि मी हिशेब कुणी आधी बोलायचं याचा करत होते. कुणी मला दोषी म्हणो न म्हणो, मी स्वतःला म्हणते. तू मला क्षमा करावीस म्हणून हे लिहीत नाहीये. क्षमा नंतर, सवडीनं, जमलं तर.

हे तोंडानं बोलायला आले असते तर पहिल्या वाक्यालाच आपलं भांडण जुंपलं असतं, म्हणून कागद घेतला. आता तुझं ऐकून घ्यायची माझी पाळी नाही. मी काल मिनचेवांना सगळं सांगितलं, कोमुनिगा, लसूण, रकिया, तुला न विचारता सांगितलं, आणि त्याबद्दल तू मला हवं ते म्हण. त्या तुझ्यावर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मीच विचारायला हवं होतं.” त्यांनी नवी चिठ्ठी पाठवलीय, पोटाला जपणारी आणखी एक गोळी वाढवलीय, दुपारी बाराला तुझी वाट बघतायत. पुन्हा रक्त आलं तर गोळी फेकायची नाही, त्यांना फोन करायचा. ग्लोगचा काढा चालेल की नाही ते तू स्वतः त्यांना विचार, वाद घाल, टेबलावर जुडी आपट, त्या ऐकून घेतात. आज दहा वाजता मी दुकान बंद करणार आहे आणि भर चौकातून, बाकावरच्या सगळ्यांच्या देखत, डब्या हातात घेऊन तुझ्या घरी येणार आहे. गावानं काय म्हणायचं ते म्हणावं. पहिली गोळी तू माझ्यासमोर घेशील, माळ्यावरच्या जुड्या आपण दोघं उकिरड्यावर टाकू, झोर्नित्साची गाडी तयार असेल, आणि मी मागच्या सीटवर तुझ्या शेजारी बसेन. जाताना खानावळीपाशी गाडी थांबवून तू तोदोरला खिडकीतून सांगशील की तू गाढवपणा केलास. एक नवरा मी पुरलाय. तुला पुरायला मी येणार नाही, हे लिहून ठेव. आणि कालच्यासारखं ओसरीवरूनच परत पाठवायचा विचार असेल तर तोही सोड. लग्न ठरलं त्या दिवशी तुझ्या आईनं या घराची किल्ली माझ्या हातात ठेवली होती. नंतर ती परत मागायची तिला आठवण राहिली नाही, आणि तू मागितली नाहीस. ती अजून माझ्याकडे आहे. काल मी झोर्नित्साला विचारलं, मामानं इतक्या वर्षांत दाराचं कुलूप बदललं का गं? ती म्हणाली, गंजलंय, अडकतं, कितीदा सांगितलं तरी बदलू देत नाही.

तुझीच,
नेवेना